प्रजनक भाषाविज्ञानाला विज्ञान म्हणावे का?

लंबक

माझी उमेदीची वर्षे भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली आणि भाषाविज्ञानाकडे मी वळलो तो नातीमुळे. अडीच वर्षांची असताना ती 'मी करलं' असे म्हणत असे. घरात, शेजारी, पाळणाघरात कोणीही 'करलं' म्हणत नाही. म्हणजे हा शब्द तिने ऐकलेला नव्हता. 'बसलं', 'पडलं', 'हसलं' यांवरून तिने स्वतःच एक नियम बसवला होता आणि तो 'कर'ला लावून ती मोकळी झाली होती. हे कुतूहल मला अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्यापर्यंत घेऊन गेले आणि गेली दोन वर्षे मी प्रजनक भाषाविज्ञान, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'जनरेटिव्ह' म्हणतात ते, मर्यादित नियमांतून भाषेतली अमर्याद वाक्ये कशी घडतात हे शोधणारे शास्त्र, जमेल तसे वाचतो आहे.

वाचताना काही शंका मनात घर करून बसल्या आहेत. पहिली अशी की या शाखेची मूळ चौकट दर दहा-पंधरा वर्षांनी मोडून नवी उभारली जाते. १९५७ मध्ये रचनांतरणे (एका वाक्यरचनेतून दुसरी घडवणारे नियम) होती, १९६५ मध्ये खोल संरचना (उच्चारलेल्या वाक्यामागची अमूर्त रचना) आली, १९८१ मध्ये तत्त्वे आणि प्राचले (सर्व भाषांना समान नियम आणि भाषेगणिक बदलणारे पर्याय) आली, १९९५ मध्ये त्यांतलेही बरेचसे सामान बाहेर काढले गेले. भौतिकशास्त्रातही सिद्धांत बदलतात, पण न्यूटनची समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांमध्ये कमी वेगासाठी पुन्हा सापडतात. इथे जुन्यातले नव्यात नेमके काय सापडते? दुसरी शंका पुराव्याची आहे. लेखक स्वतःच एक वाक्य रचतो, स्वतःच त्यापुढे 'अग्राह्य' अशी चांदणी काढतो आणि त्यावर सिद्धांत उभा करतो. प्रयोगवहीत असे काही दिसले असते, तर मी विद्यार्थ्याला परत पाठवले असते. आणि तिसरी, जी मला सर्वांत जास्त सतावते, ती म्हणजे सार्वत्रिक व्याकरण, म्हणजे सर्व मानवी भाषांच्या मुळाशी असलेली समान चौकट, जन्मजात असते हे विधान कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल, हे मला आजवर कुठेही स्वच्छ शब्दांत लिहिलेले आढळलेले नाही.

जाणकारांनी, शक्यतो पक्ष घेऊन न भांडता, यावर लिहावे ही विनंती.

पदच्छेद

लंबकसर, शंका रास्त आहेत. मी हा विषय शिकलो आणि काही काळ शिकवलाही, त्यामुळे पक्ष न घेण्याची हमी देता येणार नाही; मात्र आपल्या घराचे दोष आपल्यालाच अधिक ठाऊक असतात. प्रथम नातीविषयी. 'करलं' हे रूप पाहून ती नियम रचते एवढे सिद्ध होते. तो नियम जन्मजात भाषाशक्तीतून आला की साम्यावरून सामान्य निष्कर्ष काढण्याच्या शक्तीतून आला, हे त्या रूपावरून ठरत नाही. लोकप्रिय पुस्तकांत या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात आणि पुढचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

चॉम्स्की यांनी नेमके काय बदलले हे समजण्यासाठी त्यांच्या आधीची परिस्थिती पाहावी लागते. ब्लूमफील्ड यांच्यानंतरच्या अमेरिकी वर्णनवाद्यांची, विशेषतः चॉम्स्की यांचे गुरू झेलिग हॅरिस यांची खटपट अशी होती की ध्वनिमुद्रित सामग्री हाती आल्यावर तिच्यावर ठरावीक क्रिया करत गेले की व्याकरण आपोआप बाहेर पडावे. १९५७ साली हेगच्या मूटोन प्रकाशनाने काढलेल्या 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' या सुमारे १२० पानांच्या पुस्तकाने हा आग्रहच सोडून दिला. व्याकरण कसे सुचले याची विचारपूस करू नका, ते स्वप्नात सुचलेले असले तरी हरकत नाही. त्या भाषेतली सर्व ग्राह्य वाक्ये ते देते का आणि अग्राह्य वाक्ये टाळते का, एवढेच तपासा. व्याकरण म्हणजे सामग्रीचा सारांश नसून सामग्रीविषयीचा सिद्धांत आहे, ही भूमिका माझ्या दृष्टीने या शाखेची सर्वांत टिकाऊ मिळकत आहे. आणि या पातळीवर खोटे ठरण्याची सोय अगदी उघड आहे, कारण कोणताही मराठी माणूस एक वाक्य उच्चारून माझा नियम पाडू शकतो.

एक घरगुती उदाहरण घेऊ. 'मुलाने भात खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली' यांवरून कोणीही सांगेल की कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. मुलाला मात्र कर्म ओळखायचे असते आणि कर्मावर पाटी लावलेली नसते. समजा त्याने नियम केला की क्रियापदाच्या सर्वांत जवळचे, प्रत्यय नसलेले नाम पाहावे. मग 'मुलाने भात कैरी घालून खाल्ला' या वाक्यात 'खाल्ली' यायला हवे, कारण जवळ कैरी आहे. समजा त्याने उलटा नियम केला की वाक्यात पहिले येणारे तसे नाम पाहावे. मग 'मुलाने कैरी घालून भात खाल्ला' इथे तो फसतो. दोन्हीकडे 'खाल्ला' येते, कारण कैरी 'घालून'च्या पदबंधात अडकलेली आहे आणि मुख्य क्रियापदाला ती दिसतच नाही. शब्दांची रांग मोजून हे साधत नाही, शब्दांची उतरंड पाहावी लागते. इंग्रजी पुस्तकांत हाच मुद्दा प्रश्नार्थक वाक्यांत सहायक क्रियापद पुढे आणण्यावरून शिकवतात. मराठीत शेवटी 'का' जोडला की प्रश्न तयार होतो, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते उदाहरण परके वाटते आणि ते पाठ करून सोडून देतात, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे.

आता तुमची पहिली शंका, जुन्यातले नव्यात काय सापडते. जॉन रॉस यांचा १९६७ सालचा प्रबंध घ्या. वाक्यातले काही भाग बेटांसारखे असतात, त्यांच्यातून एखादे पद उचलून बाहेर नेता येत नाही, असे त्यांनी दाखवले. 'मी पोळी आणि भाजी खाल्ली' हे वाक्य आपण कसेही उलटेपालटे करू शकतो: 'पोळी आणि भाजी मी खाल्ली', 'खाल्ली मी पोळी आणि भाजी'. मराठीचा शब्दक्रम एवढा सैल असूनही 'भाजी मी पोळी आणि खाल्ली' असे कोणी म्हणत नाही आणि तसे म्हणू नये असे कोणत्याही शाळेत शिकवलेले नसते. हे निरीक्षण १९६७ मध्ये रचनांतरणांच्या भाषेत मांडले होते. १९७३ नंतर ते पदांच्या स्थलांतराच्या मर्यादांच्या भाषेत आले, आज आणखी वेगळ्या परिभाषेत येते. जोन ब्रेस्नन आणि रोनाल्ड कॅप्लन यांच्या, रचनांतरणे अजिबात न मानणाऱ्या पर्यायी व्याकरणातही ते येते. स्पष्टीकरणे गेली, निरीक्षण राहिले. न्यूटनच्या समीकरणांशी याची तुलना मी करणार नाही, ग्रह कसे फिरतात हे नेमके सांगणाऱ्या, पण कारण न देणाऱ्या केप्लरच्या नियमांशी मात्र करीन.

खुद्द चौकटींविषयी मी एवढा उदार नाही. १९६५ च्या खोल संरचनेवरून जॉर्ज लेकॉफ, जेम्स मकॉली, पॉल पोस्टल आणि रॉस यांनी उठवलेला वाद दहाएक वर्षे चालला आणि तो निकाली निघण्याऐवजी लोक दमल्यामुळे थांबला, असे माझे मत आहे. तत्त्वे आणि प्राचले हा १९८१ चा डाव मात्र खरोखर धाडसी होता. सगळ्या भाषांची तत्त्वे एकच, फरक फक्त काही मोजक्या खटक्यांचा. एक खटका वर केला की वरवर असंबद्ध दिसणारी चार वैशिष्ट्ये एकदम बदलायला हवीत. इटालियनमध्ये कर्ता गाळता येतो, क्रियापदानंतर टाकता येतो आणि आणखी काही गोष्टी करता येतात, त्या सगळ्यांचा उगम एकाच प्राचलात आहे असे लुईजी रिझ्झी यांनी मांडले. हे भाकीत होते आणि ते तपासता येत होते. अधिक भाषा पाहिल्यावर ती वैशिष्ट्ये एकत्र राहीनात, आणि फ्रेडरिक न्यूमायर यांच्यासारख्या याच परंपरेतल्या अभ्यासकाने २००५ मध्ये मोठ्या प्राचलांची कल्पना सोडून द्यावी असे सविस्तर लिहिले. यालाच मी विज्ञान म्हणतो. सिद्धांताने मान पुढे केली आणि ती कापली गेली. खेद एवढाच की अनेक पाठ्यपुस्तकांनी त्या अंत्यविधीची दखल घेतली नाही.

पुराव्याविषयीची तुमची शंका या क्षेत्राबाहेरच्या जवळजवळ प्रत्येकाला येते आणि १९९० नंतर ती आतूनही मोठ्याने विचारली गेली. त्यावर युक्तिवाद करत बसण्यापेक्षा मोजणी करणे बरे, असे जॉन स्प्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले. त्यांनी एका रूढ पाठ्यपुस्तकातली ४६९ उदाहरणे सामान्य भाषिकांपुढे ठेवली. लेखकाचा निर्णय आणि लोकांचा निर्णय यांचा मेळ सुमारे ९८ टक्के बसला, असे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी 'लिंग्विस्टिक इन्क्वायरी' या नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या लेखांतून वाक्यांच्या १४८ जोड्या निवडून तीच परीक्षा घेतली, तेव्हा मेळ सुमारे ९५ टक्के होता. हे आकडे इंग्रजीचे आहेत हे विसरू नये. इंग्रजीत चुकीचे उदाहरण छापले की शेकडो वाचक ते पकडतात. मराठीविषयी परदेशी नियतकालिकात एखाद्याने आपल्या आतेभावाला विचारून चांदणी काढली, तर ती कोण तपासणार?

जन्मजातपणाचे विधान मी मुद्दाम बाजूला ठेवतो. त्याच्यावर इथे इतर सदस्य लिहितील असे वाटते.

कंस

पदच्छेद यांनी सोडलेला धागा उचलतो. मी संगणकविज्ञानाचा माणूस आहे आणि आमच्याकडे चॉम्स्की यांचे नाव वादाशिवाय घेतले जाते, कारण १९५६ आणि १९५९ च्या निबंधांत त्यांनी व्याकरणांची जी उतरंड मांडली ती निखळ गणित आहे. संदर्भमुक्त व्याकरण (ज्याचे नियम आजूबाजूचे शब्द न पाहता लागू होतात) ही कल्पना आणि जॉन बॅकस यांनी अल्गोल या संगणकभाषेच्या वर्णनासाठी वापरलेली लेखनपद्धती या समतुल्य आहेत. आज कंपायलर, म्हणजे संगणकभाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन, लिहिताना हे सर्रास वापरले जाते. तेवढा भाग विज्ञान आहे का, असे कोणी विचारत नाही.

तीच गणिती कसोटी नैसर्गिक भाषांच्या व्याकरणाला लावल्यावर मात्र पंचाईत झाली. स्टॅन्ली पीटर्स आणि रॉबर्ट रिची यांनी १९७३ मध्ये सिद्ध केले की १९६५ च्या धाटणीचे रचनांतरणात्मक व्याकरण एवढे शक्तिशाली आहे की संगणकाला यादी करता येण्याजोगा कोणताही वाक्यसंच त्यात बसवता येतो. ज्या सिद्धांतात सगळेच बसते, तो मानवी भाषा कशी असते आणि कशी नसते याविषयी काहीच सांगत नाही. पुढच्या दशकातली निर्बंधांची सगळी धडपड या निकालाच्या सावलीत वाचायला हवी. उलट दिशेनेही एक सुंदर निकाल आला. स्टुअर्ट शीबर यांनी १९८५ मध्ये स्विस जर्मनमधल्या विभक्तिप्रत्ययांच्या आडव्या-तिडव्या जुळणीवरून दाखवले की संदर्भमुक्त व्याकरण मानवी भाषांना पुरत नाही. म्हणजे सत्य या दोन टोकांच्या मध्ये, आणि खालच्या टोकाच्या बरेच जवळ आहे. वाक्यरचनेविषयी एवढे नेमके विधान दुसऱ्या कोणत्या परंपरेने केलेले मला माहीत नाही.

जन्मजातपणाबद्दल मात्र माझे मत बदलत गेले आहे. विद्यार्थी असताना 'उद्दीपकांची तुटपुंजी' हा युक्तिवाद मला बिनतोड वाटत असे: मूल जे ऐकते त्यातून व्याकरण निश्चित होत नाही, तरी सगळी मुले एकाच व्याकरणापाशी पोहोचतात, म्हणून उरलेला भाग जन्मतः आलेला असणार. जेफ्री पुलम आणि बार्बरा शोल्झ यांनी २००२ मध्ये विचारले की जी वाक्ये मुलांच्या कानावर पडतच नाहीत असे म्हणता, ती कोणी मोजली आहेत का? पाहिले तर बरीचशी वाक्ये कानावर पडत होती. त्यानंतर यंत्रे आली. ताल लिन्झेन आणि सहकाऱ्यांनी २०१६ पासून दाखवले की केवळ मजकुरावर शिकलेली न्यूरल जाळी (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेले संगणकी कार्यक्रम) कर्ता-क्रियापदाचा मेळ मधल्या नामांना बऱ्याच अंशी न फसता सांभाळतात. पदच्छेद यांच्या भात-कैरीच्या वाक्याची ही इंग्रजी बहीणच. २०१८ मध्ये ईथन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी रॉस यांच्या काही बेटांची जाणही अशा जाळ्यांना होते, असे दाखवले. कोणतेही भाषिक व्याकरण त्यांत आधी भरलेले नव्हते.

चॉम्स्की यांनी मार्च २०२३ मध्ये इयान रॉबर्ट्स आणि जेफ्री वॉटुमुल यांच्यासह 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये उत्तर दिले की ही यंत्रे शक्य भाषा आणि अशक्य भाषा सारख्याच सहजतेने शिकतात, म्हणून मानवी भाषेविषयी ती काही सांगत नाहीत. हे मला आवडले, कारण हे तपासता येण्याजोगे विधान आहे. जुली कलिनी आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ते तपासले: इंग्रजी वाक्यांतले शब्द उलटे करून, विस्कटून, किंवा शब्द मोजून प्रत्यय लावून कृत्रिम 'अशक्य' भाषा बनवल्या आणि जीपीटी-२ या, पुढचा शब्द ओळखायला शिकणाऱ्या भाषेच्या प्रतिमानाला शिकवल्या. त्या भाषा यंत्राला इंग्रजीपेक्षा जड गेल्या. त्यामुळे विधान जसे केले होते तसे टिकले नाही. मात्र सगळ्या अशक्य भाषा सारख्याच जड गेल्या असेही नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

उत्सर्ग

वरची चर्चा वाचून एक गोष्ट राहिल्यासारखी वाटली. चॉम्स्की यांनी खोल संरचना मांडणाऱ्या १९६५ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे की पाणिनीचे व्याकरण आजच्या अर्थाने प्रजनक व्याकरणाचा एक भाग म्हणून वाचता येते. पाणिनीच्या व्याकरणावरच्या महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, पतंजली सांगतात की बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून एक हजार दिव्य वर्षे शिकवले, तरी शब्दांचा अंत लागला नाही. म्हणून सामान्य नियम आणि विशेष नियम यांची योजना करावी लागते. अमर्याद भाषा मर्यादित नियमांनी व्यापायची, ही गरज यापेक्षा थोडक्यात कोणी मांडली असेल असे मला वाटत नाही.

हे केवळ अभिमानापोटी लिहीत नाही, कारण आमच्या संस्कृतज्ञ मंडळींत 'सगळे आमच्याकडे होतेच' म्हणण्याची खोड आहे आणि ती मला रुचत नाही. देवाणघेवाण प्रत्यक्ष झालेली आहे. चॉम्स्की शिकवत त्या एमआयटीत तयार झालेल्या पॉल किपार्स्की यांनी १९७३ मध्ये ध्वनिनियमांसाठी मांडलेले तत्त्व, म्हणजे विशेष नियम लागू होत असेल तिथे सामान्य नियम मागे सरतो हे, उत्सर्ग-अपवादाचेच आहे आणि त्यांनी पाणिनीचे ऋण मोकळेपणाने मानले आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतले 'वा', 'विभाषा' आणि 'अन्यतरस्याम्' हे तीन शब्द परंपरेने समानार्थी मानले होते. त्यांत 'शक्यतो व्हावे', 'शक्यतो होऊ नये' आणि 'कसेही चालेल' असा भेद आहे, असे प्रतिपादन करणारे त्यांचे १९७९ चे पुस्तक एमआयटी आणि पुणे विद्यापीठाचे संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र यांनी मिळून काढले आणि त्याचे संपादन शि. द. जोशी यांनी केले. तपासता येईल असे गृहीतक, आणि तेही अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाविषयी. पुण्यातल्या पंडितांना ते सगळ्यांनाच पटले असे मात्र नाही.

लंबक यांच्या शंकेशी याचा संबंध असा की पाणिनीने मनाविषयी चकार शब्द काढलेला नाही. त्याचे सुमारे चार हजार सूत्रांचे यंत्र मेंदूत कुठे असते, ते जन्मजात आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता आणि तरीही ते यंत्र चालते. नियमांचे नेमके शास्त्र आणि मनाविषयीचा दावा ही एकाच नाण्याची दोन बाजू आहेत असे चॉम्स्कीपंथीय मानतात. मला ती दोन वेगळी नाणी वाटतात.

लंबक

सर्वांचे आभार. बरेच उलगडले, पण दोन ठिकाणी मी अडलो आहे.

चॉम्स्की वारंवार गॅलिलिओचा दाखला देतात. गॅलिलिओने घर्षण बाजूला ठेवले, आम्ही थकवा, विस्मरण आणि अडखळणे बाजूला ठेवतो. तो आदर्श उतरणीवर बोलत होता, आम्ही आदर्श भाषिकावर बोलतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ही तुलना मला अर्धीच पटते. उतरण घासून गुळगुळीत करत गेले की निरीक्षण आदर्श किमतीच्या जवळ जवळ सरकते, हे प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा करून दाखवले आहे. घर्षण किती, हेही मोजता येते. भाषिक क्षमता (मनातले भाषेचे ज्ञान) आणि भाषिक वर्तन (प्रत्यक्ष बोलणे) यांच्यामधले घर्षण कोणी मोजते का? ते मोजले नाही, तर न जुळणारी प्रत्येक गोष्ट 'वर्तनातला दोष' म्हणून खपवण्याची मुभा राहते.

दुसरे, पदच्छेद यांनी प्राचलांच्या पराभवाचे उदाहरण दिले, पण तत्त्वांचे काय? मी १९८१ च्या बंधन-सिद्धांताविषयी वाचले की आत्मवाचक सर्वनामाचा संदर्भ त्याच्याच लहान उपवाक्यात सापडला पाहिजे. माझ्या मराठीत 'सुनीता म्हणाली की मीनाने आपल्याला फसवलं' या वाक्यात 'आपल्याला' म्हणजे सुनीताला. संदर्भ उपवाक्याच्या बाहेर आहे. म्हणजे तत्त्व खोटे ठरले ना? मग ते मागे घेतले गेले की त्याला ठिगळ लावले गेले?

पदच्छेद

तुमचे दुसरे उदाहरण नेमक्या दुखऱ्या जागी लागले आहे. ते बाहेर ठाऊक नाही असे नाही, उलट मराठीने या वादात बऱ्यापैकी मोठी भूमिका बजावली आहे. 'स्वतः' आणि 'आपण' यांच्या वागणुकीतला फरक काशी वली यांनी १९७९ मध्येच प्रयोजक रचनांच्या संदर्भात मांडला होता. 'सुनीता म्हणाली की मीनाने स्वतःला फसवलं' असे म्हटले की फसलेली मीना असते. 'आपल्याला' म्हटले की सुनीता. ('आपल्याला' म्हणजे 'तुम्हाआम्हाला' हा अर्थ इथे सोडून देऊ.) मेरी डॅलरिंपल यांनी १९९३ मध्ये पर्यायी चौकटीत बंधनाचा जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुख्य आधारांपैकी मराठी ही एक भाषा होती. चिनी, जपानी आणि आइसलँडिक भाषांतही अशी दूरवर पाहणारी सर्वनामे आहेत.

मग झाले काय? १९८१ चे तत्त्व जसे लिहिले होते तसे खोटे ठरले, याविषयी दुमत नाही. काहींनी संदर्भाचा परिसर किती मोठा हे भाषेगणिक, शब्दागणिक ठरू दिले. हे तुमच्या अर्थाने ठिगळ आहे, कारण प्रत्येक नव्या शब्दासाठी नवा परिसर मानता येतो. काहींनी असे म्हटले की दूरवर पाहणारे शब्द मुळात आत्मवाचक नसून वक्त्याच्या किंवा विचार करणाऱ्याच्या दृष्टिकोनाशी बांधलेले असतात. या दुसऱ्या म्हणण्यातून नवी भाकिते निघतात. तसे असेल तर 'म्हणाली', 'वाटलं', 'घाबरली' यांच्या पोटातल्या उपवाक्यांत 'आपण' बाहेर पाहील. पण ज्या उपवाक्यात कोणाचाही विचार किंवा बोलणे सांगितलेले नाही, तिथे ते अडखळेल. 'सुनीता घरी पोहोचली तेव्हा मीनाने आपल्याला फोन केला' या वाक्यात 'आपल्याला' म्हणजे सुनीता, असा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला लागतो का, ते सांगा. विज्ञानाचे तत्त्वज्ञ इम्रे लाकातोश यांनी संशोधनकार्यक्रम पुढे सरकणारा आहे की क्षीण होणारा, हे ओळखण्याची जी खूण सांगितली, ती हीच आहे: दुरुस्तीतून नवे काही निघते की फक्त जुने भोक बुजते? एकाच पराभवानंतर एकाच शाखेत दोन्ही प्रकारच्या दुरुस्त्या झाल्या. म्हणून या शाखेला सरसकट पदवी देण्यास किंवा ती काढून घेण्यास मी तयार होत नाही.

घर्षणाच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा आहे. जॉर्ज मिलर आणि चॉम्स्की यांनी १९६३ मध्येच स्मरणशक्तीच्या मर्यादेचा विचार केला होता आणि वाक्य समजून घेताना लागणारा वेळ मोजणारे मानसभाषाविज्ञान तेव्हापासून पुष्कळ वाढले आहे. तरीही सिद्धांत रचणाऱ्यांनी त्या मोजमापांना आपल्या पायाभरणीत क्वचितच जागा दिली. पुनरावर्तनाचा, म्हणजे वाक्यात वाक्य घालत जाण्याच्या सोयीचा, वाद याच दुर्लक्षामुळे चिघळला. मार्क हाउसर, चॉम्स्की आणि टेकम्सेह फिच यांनी २००२ मध्ये 'सायन्स'मध्ये सुचवले की केवळ मानवी भाषेतच असलेला भाग कदाचित पुनरावर्तनाएवढाच असेल. डॅनियल एव्हरेट यांनी २००५ मध्ये ब्राझीलमधल्या पिराहा भाषेत वाक्यात वाक्य घालण्याची सोयच नाही असा दावा केला. अँड्र्यू नेव्हिन्स, डेव्हिड पेसेट्स्की आणि सिलीन रॉड्रिग्ज यांनी २००९ मध्ये एव्हरेट यांचीच जुनी सामग्री वापरून तो खोडायचा प्रयत्न केला. पण चॉम्स्की यांचे उत्तर वेगळेच होते: पुनरावर्तनाची क्षमता माणसात असते, एखाद्या भाषेने ती वापरली नाही तरी बिघडत नाही. हे उत्तर तर्काला धरून आहे; मात्र ते देताना विधान भाषांच्या निरीक्षणाच्या आवाक्यातून बाहेर गेले. त्यानंतर ते तपासायचे तर मेंदूत, मुलांत किंवा यंत्रांत तपासावे लागते. तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मी पहिल्या प्रतिसादात टाळले होते. ते असे आहे की या व्यापक रूपात सार्वत्रिक व्याकरण खोटे ठरवता येत नाही. त्याच्या पोटातली मर्यादित विधाने तेवढी खोटी ठरवता येतात, आणि काही ठरलेली आहेत.

अवांतर: आपल्याकडे हा वाद उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी पोहोचला, त्याचे एक कारण योगायोगाचे आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची शिबिरे भरली ती १९५० च्या दशकात. अमेरिकी वर्णनवाद पुण्यात शिकवला जात होता, नेमक्या त्याच वर्षांत तिकडे त्याला सुरुंग लागत होता. शिकलेले लोक उत्तम होते, त्यांनी बोलींची वर्णने मेहनतीने केली, पण वाक्यरचना हा त्या शिक्षणाचा शेवटचा आणि सर्वांत पातळ धडा होता. प्रजनक वाक्यविन्यासाचे ठाणे पुढे हैदराबादला बसले.

कंस

लंबकसर, 'सुनीता घरी पोहोचली तेव्हा' या वाक्याविषयी माझे उत्तर: मलाही तो अर्थ लागत नाही, तिथे 'तिला' हवे. माझ्या विदर्भातल्या आईला विचारले, तर ती म्हणाली की 'आपल्याला' म्हणजे बोलणाऱ्याला, सुनीताचा संबंध काय! हे तीनच साक्षीदार झाले आणि त्यातले दोघे एकाच घरातले, त्यामुळे पदच्छेद यांच्या आतेभावाच्या टोमण्याला मी पात्र आहे.

तरीही एक काम मनात आहे. २०२३ पासून 'बेबीएलएम' नावाची स्पर्धा भरते. त्यात भाषेचे प्रतिमान फक्त एक किंवा दहा कोटी शब्दांवर शिकवायचे असते, म्हणजे मूल वाढताना जेवढे ऐकते साधारण त्या मापात. मराठीत एक कोटी शब्दांचे असे प्रतिमान करणे अवघड नाही. त्याला भात-कैरीची जोडी, 'भाजी मी पोळी आणि खाल्ली' आणि 'स्वतः'-'आपण'च्या जोड्या द्यायच्या आणि कोणत्या वाक्याला ते अधिक संभाव्यता देते ते पाहायचे. माझा अंदाज असा की भात-कैरी त्याला जमेल, पोळी-भाजी बहुधा जमेल आणि 'आपण'पाशी ते पडेल, कारण संदर्भ कोणाचा हे शब्दांच्या शेजारावरून कळत नाही. अंदाज चुकला तर तोही इथेच लिहीन. चाचणीसाठी जोड्या हव्या आहेत. प्रत्येक जोडीत एकाच जागी फरक असावा आणि ती आपल्या बोलीत खरोखर तशी म्हणतात की नाही, ते सोबत लिहावे. कोकण, खानदेश आणि मराठवाड्यातल्या सदस्यांनी जरूर पाठवाव्यात, कारण 'मी भात खाल्ला' आणि 'म्या भात खाल्ला' यांतल्या कर्त्याच्या रूपाचा प्रश्न आम्ही अजून काढलेलाच नाही.